घर बदललं, पत्ता तोच!

मंडळी, गेल्या शनिवारी रस्टमध्ये एक साधं स्ट्रक्ट लिहायला बसलो. आत एक छोटा बफर, आणि त्याच बफरमधल्या एका बाइटकडे बोट दाखवणारा रेफरन्स. सी मध्ये पाच मिनिटांचं काम. इथे रविवार संध्याकाळ झाली तरी कंपायलर ऐकेना. वाटलं, आपलंच डोकं चालत नाही. मग जरा इतिहास चाळला आणि जीवात जीव आला :)

भानगड अशी. समजा, तुमच्या पाकिटात तुमच्याच घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आहे. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं, तुम्ही सामान हलवलंत, पाकीटही आलं. पण चिठ्ठीवर पत्ता जुनाच! तिथे आता दुसरंच कोणी राहतंय. मेमरीत यालाच डँगलिंग पॉइंटर म्हणतात.

सी++ ने २०११ मध्ये यावर मूव्ह कन्स्ट्रक्टर दिला. म्हणजे सामान हलवताना चिठ्ठी दुरुस्त करायची सोय. रस्टने ते मुद्दाम नाकारलं. इथे हलवणं म्हणजे बाइट्स जशाच्या तशा कॉपी करणं, बस्स. स्वस्त, आणि मध्येच काही बिघडायची भीती नाही. १५ मे २०१५ ला १.० आवृत्ती आली आणि सोबत शब्दही दिला: आज चालणारा कोड उद्या मोडणार नाही. त्या कोडचं गृहीतक काय, तर कुठलीही व्हॅल्यू हलवता येते.

पुढे असिंक फंक्शन्स आणायची वेळ आली आणि हाच शब्द आडवा आला. असं फंक्शन अवेटपाशी थांबतं तेव्हा कंपायलर त्याचे लोकल व्हेरिएबल्स एका स्ट्रक्टमध्ये ठेवतो. त्यातलं एक दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल तर? पुन्हा पाकिटातली चिठ्ठी!

'न हलणारे टाइप' भाषेतच आणावेत, हा विचार झाला होता. पण त्याने जुना कोड मोडला असता. म्हणून मग पिन आला: टाइप तसाच ठेवायचा, त्याच्याकडे नेणाऱ्या पॉइंटरलाच गुंडाळायचं आणि हमी घ्यायची की आता हे घर बदलणार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये १.३३ सोबत पिन आला, नोव्हेंबरात १.३९ सोबत असिंक-अवेट.

पिन किचकट आहे, हे खरंच. पण तो किचकटपणा म्हणजे दिलेला शब्द पाळल्याची किंमत. आपण ऑफिसात 'पुढच्या रिलीजला बघू' म्हणत किती एपीआय मोडतो, आठवून बघा!

असो. माझं स्ट्रक्ट? रेफरन्स काढला, त्याजागी बफरमधला इंडेक्स ठेवला. घर कितीही बदला, 'डावीकडून तिसरी खोली' बदलत नाही. दहा मिनिटांत कंपाइल झालं :)