खामगावचा कापूस आणि समुद्राखालची तार

तारेतून वीज ‘क्षणात’ पोचते, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. हे विधान किती खरे आणि किती अपुरे, ते समजून घ्यायला बुलढाणा जिल्ह्यातील खामगावच्या कापूस बाजाराचे उदाहरण उपयोगी पडेल.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडून येणारा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण व्यापार टिकला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते.) रेल्वेबरोबर तारही आली. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तार टाकली गेली आणि एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर या मार्गाने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी नोंदवावी आणि सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस तिथल्या धक्क्यावर उतरावा, हे आता शक्य झाले.

आता या तारेचे दोन भाग वेगळे करून पाहू. खामगाव ते मुंबई ही तार खांबांवरून जाणारी. एवढे अंतर कापायला संकेताला सेकंदाचे काही सहस्रांश पुरत. इथे वेगाची मर्यादा तारेची नव्हे, तर कळ दाबणाऱ्या तारमास्तराच्या हाताची होती.

समुद्रात मात्र गोष्ट निराळी होते. तिथे तांब्याच्या तारेभोवती गटापर्चा या चिकाचे वेष्टन आणि त्याबाहेर खारे पाणी असते. दोन वाहक आणि मध्ये रोधक, म्हणजे हे एक हजारो किलोमीटर लांबीचे धारित्रच झाले. खांबावरच्या तारेपासून जमीन काही मीटर दूर असते, म्हणून तिची धारिता फार कमी. समुद्रातील तारेत पाठवलेला विद्युतभार आधी हे धारित्र भरण्यात खर्ची पडतो.

विहिरीवरची मोट आठवा. मोट थारोळ्यात रिकामी होते तेव्हा पाण्याचा प्रत्येक लोंढा वेगळा दिसतो. पण लांब पाटाच्या शेवटच्या वाफ्यापाशी उभे राहिलात, तर लोंढे दिसत नाहीत. उशिराने सुरू झालेली एक संथ धार दिसते. किती मोटा आल्या, हे तिच्यावरून सांगता येत नाही. समुद्रातील तारेत मोर्सचे ठिपके आणि रेघा अशाच एकमेकींत मिसळत.

विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी १८५४–५५ मध्ये याचे गणित मांडले. त्यांचा निष्कर्ष असा, की तारेची लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट होतो. तरीही १८५८ च्या अटलांटिक तारेवर, दाब वाढवला की काम भागेल असे समजून वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी सुमारे २००० व्होल्टपर्यंत दाब दिला. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले आणि काही आठवड्यांतच तार निकामी झाली. थॉमसन यांचा उपाय उलटा होता. तांबे जाड घ्यावे, वेष्टन जाड करावे, प्रवाह अगदी क्षीण ठेवावा आणि तो आरशाच्या संवेदनशील गॅल्व्हनोमीटरने टिपावा. १८६६ ची अटलांटिक तार याच मार्गाने यशस्वी झाली. लांब मार्गाचे तुकडे पाडून मधल्या ठाण्यांवर संदेश पुन्हा पाठवण्यामागेही हाच वर्गाचा नियम आहे.

थॉमसन यांच्या गणितात रोध आणि धारिता होती. त्यात प्रवर्तन आणि गळती मिळवून पूर्ण समीकरणे लिहिली ऑलिव्हर हेविसाइड यांनी, १८८० च्या दशकात. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस काही वर्षे एका तार कंपनीत नोकरीला होता. या चार गुणधर्मांचा मेळ बसला, तर संकेत क्षीण होतो पण विद्रूप होत नाही, हे त्यांनी दाखवले. टीव्हीच्या केबलपासून संगणकाच्या जोडतारेपर्यंत आजही तीच समीकरणे वापरतात.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण खामगावची गोष्ट त्याने संपत नाही. संकेत कसा जातो हे पदार्थविज्ञान सांगते. तो कोणाच्या हाती पडतो हे समाजरचना ठरवते. लिव्हरपूलचा भाव तारेने व्यापाऱ्याच्या पेढीवर येई. बैलगाडीतून कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तो दुसऱ्याच्या तोंडून कळे. म्हणून वर्गात ‘क्षणात’ हा शब्द आला की तीन प्रश्न जरूर विचारावेत: क्षणात म्हणजे किती वेळात? पोचल्यावर तो संकेत ओळखू येतो का? आणि तो आधी कोणाला कळतो?