‘द आयर्न जायंट’ : तिकीटबारीवर हरला, प्रेक्षकांनी तारला

चित्रपट प्रेक्षकांच्या पसंतीस उतरला की नाही, हे पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावरून ठरवण्याचा प्रघात सर्वत्र रूढ आहे. हा मापदंड किती फसवा ठरू शकतो, याचे ठळक उदाहरण म्हणून ‘द आयर्न जायंट’ या अमेरिकन अ‍ॅनिमेशनपटाकडे बोट दाखवता येते. वॉर्नर ब्रदर्सने ६ ऑगस्ट १९९९ रोजी अमेरिकेत तो प्रदर्शित केला. पहिल्या शनिवार-रविवारअखेर त्याने जेमतेम ५७ लाख डॉलर मिळवले. निर्मितीचा खर्च सुमारे ५ कोटी डॉलर होता. अमेरिकेतील एकूण उत्पन्न मात्र २ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास थांबले. व्यवहाराच्या भाषेत चित्रपट पडला. परंतु ज्यांनी तो पाहिला, त्यांचे मत पहिल्या दिवसापासून वेगळे होते आणि पुढे दूरचित्रवाणी व घरगुती चित्रफितींच्या माध्यमातून तेच मत टिकले. आज अमेरिकन अ‍ॅनिमेशनच्या कोणत्याही गंभीर चर्चेत या चित्रपटाचे नाव आदराने घेतले जाते.

कथा आणि तिचे मूळ

चित्रपटाचा आधार म्हणजे ब्रिटिश कवी टेड ह्यूज यांची ‘द आयर्न मॅन’ ही १९६८ साली प्रसिद्ध झालेली बालकादंबरी. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड आणि पटकथालेखक टिम मॅककॅनलीज यांनी तिच्यातील लोखंडी महाकाय आणि मुलाची मैत्री तेवढी घेतली; स्थळ, काळ आणि संघर्ष मात्र बदलला. इंग्लंडच्या ग्रामीण भागाऐवजी कथा अमेरिकेतील मेन राज्यातल्या रॉकवेल या काल्पनिक गावात घडते. वर्ष आहे १९५७. सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ नुकताच अवकाशात सोडला आहे, शाळेतील मुलांना अणुबॉम्बपासून बचाव करण्याचे धडे दिले जात आहेत आणि आकाशाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात संशय आहे.

अशा वातावरणात आकाशातून एक अजस्र यंत्रमानव कोसळतो. डोक्याला लागलेल्या मारामुळे त्याची स्मृती पुसली गेली आहे. धातू हे त्याचे अन्न. वीजकेंद्रातील तारांमध्ये अडकलेल्या या राक्षसाला होगार्थ ह्यूज हा नऊ वर्षांचा मुलगा वीजपुरवठा बंद करून वाचवतो आणि दोघांची मैत्री जुळते. भंगारातून शिल्पे घडवणारा डीन या मैत्रीचा साक्षीदार होतो. केंट मॅन्स्ली हा सरकारी अधिकारी तिचा शत्रू. पुढे ध्यानात येते, की हा प्रेमळ महाकाय मुळात एक शस्त्र आहे. कोणी त्याच्यावर शस्त्र रोखले, अगदी खेळण्यातली बंदूक रोखली, तरी त्याची संहारक यंत्रणा आपोआप जागी होते.

या कल्पनेमागे एक वैयक्तिक दुःख आहे. बर्ड यांच्या बहिणीचा १९८९ साली तिच्या पतीने गोळी झाडून खून केला होता. बंदुकीला आत्मा असता आणि तिने बंदूक होण्यास नकार दिला असता तर, हा प्रश्न बर्ड यांनी वॉर्नरच्या अधिकाऱ्यांपुढे मांडला आणि त्यातूनच चित्रपट आकाराला आला. ह्यूज यांनी पटकथा वाचून पसंती कळवली होती. परंतु ऑक्टोबर १९९८ मध्ये त्यांचे निधन झाल्याने पूर्ण झालेला चित्रपट ते पाहू शकले नाहीत. चित्रपट ह्यूज आणि बर्ड यांची बहीण, या दोघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.

पहिल्या दिवसाचे प्रेक्षक

प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी खेळांत प्रेक्षकांनी दिलेले गुण वॉर्नरच्या अधिकाऱ्यांनाही अनपेक्षित वाटावेत इतके उत्तम होते. प्रदर्शनाच्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मते नोंदवणाऱ्या ‘सिनेमास्कोर’ या संस्थेच्या पाहणीत चित्रपटाला ‘ए’ ही श्रेणी मिळाली. समीक्षकांचे मतही बहुतांशी अनुकूलच होते. शिकागोतील ख्यातनाम समीक्षक रॉजर एबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे दिले. अ‍ॅनिमेशन क्षेत्रातील अ‍ॅनी पुरस्कारांसाठी चित्रपटाला १५ नामांकने मिळाली व त्यांपैकी ९ पुरस्कार त्याने पटकावले. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटासाठी स्वतंत्र ऑस्कर तेव्हा नव्हते. ते २००१ सालच्या चित्रपटांपासून, म्हणजे २००२ च्या समारंभापासून दिले जाऊ लागले.

मग प्रेक्षक आले का नाहीत? मुख्य कारण असे, की त्यांना बोलावलेच गेले नाही. १९९८ साली वॉर्नरचा ‘क्वेस्ट फॉर कॅमेलॉट’ हा खर्चिक अ‍ॅनिमेशनपट अपयशी ठरला होता. त्यामुळे कंपनीचा या विभागावरील विश्वास उडाला होता. याचा एक फायदा बर्ड यांना झाला : वरिष्ठांचा हस्तक्षेप कमी राहिला व चित्रपट मनासारखा करता आला. तोटा असा, की जाहिरातीची तयारी वेळेत झाली नाही. मुलांच्या चित्रपटामागे खेळणी आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांशी जे करार केले जातात, त्यांना वर्षभर आधी सुरुवात करावी लागते. तेवढा अवधी उरलाच नव्हता. त्यातच ‘द सिक्स्थ सेन्स’ हा त्या वर्षातील मोठे यश मिळवणारा चित्रपट नेमका त्याच शुक्रवारी आला. डिस्नेच्या ‘टारझन’ने त्याच उन्हाळ्यात एकट्या अमेरिकेत १७ कोटी डॉलरहून अधिक कमावले होते. गाणी नाहीत, बोलके प्राणी नाहीत, राजकन्या नाही, अशा चित्रपटाची ओळख पालकांना करून द्यायची तर वेगळे प्रयत्न हवे होते. ते झाले नाहीत.

दुसरा जन्म

१९९९ च्या नोव्हेंबरमध्ये चित्रपट घरगुती चित्रफितीवर आला. वॉर्नरच्या मूळ कंपनीने १९९६ सालीच टर्नर समूह ताब्यात घेतला होता. त्यामुळे टीएनटी आणि कार्टून नेटवर्क या वाहिन्यांना हा चित्रपट दाखवणे सहज शक्य झाले. दोन हजारच्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सणासुदीच्या दिवशी तो सलग चोवीस तास, पुन्हा पुन्हा दाखवला जाई. चित्रपटगृहात न गेलेली मुले अशा प्रकारे घरच्या दिवाणखान्यात त्याची प्रेक्षक बनली. पुढे ती मोठी झाली आणि आपल्या मुलांना तोच चित्रपट दाखवू लागली. २०१५ साली दोन नव्या प्रसंगांसह तयार झालेली विशेष आवृत्ती अमेरिकेतील निवडक चित्रपटगृहांत प्रदर्शित झाली, यामागे या पिढीची मागणी होती.

प्रेक्षकांना काय भावते?

चाहत्यांच्या बोलण्यात सर्वाधिक उल्लेख होतो तो शेवटाचा. (ज्यांना तो आधी जाणून घ्यायचा नसेल, त्यांनी पुढील परिच्छेद वगळावा.)

होगार्थने महाकायाला दोन चित्रकथा दाखवलेल्या असतात : एक ‘सुपरमॅन’ची आणि दुसरी ‘अ‍ॅटोमो’ या विध्वंसक यंत्रमानवाची. रूपाने आपण दुसऱ्यासारखे आहोत, हे महाकायाला दिसते. पण आपण कोण व्हायचे हे आपणच ठरवायचे असते, हे होगार्थने त्याला सांगितलेले असते. गावावर अणुक्षेपणास्त्र येऊ लागते तेव्हा तो त्याच्याकडे झेपावतो आणि पहिल्या चित्रकथेतील नायकाची भूमिका पत्करतो. रडू न आवरल्याची कबुली प्रौढ प्रेक्षक, विशेषतः वडील, या प्रसंगाबद्दल मोकळेपणाने देतात. याच शेवटाबद्दल एक मतभेदही आहे. अखेरच्या दृश्यात महाकायाचे विखुरलेले भाग आइसलँडमधील हिमनदीकडे पुन्हा जमू लागतात. त्यामुळे त्यागाचे मोल कमी होते, असे काहींना वाटते. मुलांच्या चित्रपटाने एवढी आशा शिल्लक ठेवलीच पाहिजे, असे इतरांचे म्हणणे. दृश्य जितके आटोपशीर ठेवले आहे ते पाहता दुसरा पक्ष अधिक सबळ वाटतो.

दुसरा वारंवार चर्चिला जाणारा प्रसंग हरणाचा. जंगलात महाकाय कुतूहलाने हरणाजवळ जातो. थोड्याच वेळात शिकारी त्याला गोळी घालतात. मृत्यू म्हणजे काय, हे नऊ वर्षांच्या मुलाला त्या महाकायाला समजावून सांगावे लागते. लहान मुलांना हे झेपेल का, अशी शंका पालक उपस्थित करतात. अमेरिकन परिनिरीक्षण मंडळाने चित्रपटाला पालकांच्या मार्गदर्शनाची शिफारस करणारे ‘पीजी’ प्रमाणपत्र दिले आहे. परंतु मृत्यूविषयी घरात प्रथमच बोलणे झाले ते या प्रसंगामुळे, असे सांगणारे पालकही आहेत. शंका आणि कौतुक दोन्ही एकाच दृश्याच्या वाट्याला यावे, हे त्या दृश्याच्या प्रामाणिकपणाचे गमक होय.

तंत्राबाबत जाणकारांचे लक्ष एका बाबीकडे जाते. सर्व माणसे आणि निसर्ग हाताने रेखाटलेला आहे. महाकाय मात्र संगणकावर घडवलेला. दोहोंतील फरक डोळ्यांना खुपू नये म्हणून संगणकीय रेषा किंचित थरथरावी, हाताने काढल्यासारखी दिसावी, अशी आज्ञावली मुद्दाम तयार करण्यात आली. महाकायाची हालचाल जड, यांत्रिक आणि तरीही भावपूर्ण वाटते, त्याचे श्रेय बरेचसे या योजनेला आहे. मोजक्या शब्दांत बोलणाऱ्या या पात्राला विन डीझेल यांनी आवाज दिला आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप खलनायकाविषयी. केंट मॅन्स्ली हा भित्रा, आततायी अधिकारी व्यंगचित्रासारखा एकरंगी आहे, अशी तक्रार अनेक प्रेक्षक करतात. ती अगदीच निराधार नाही. तथापि लष्कराचा सेनापती रोगार्ड समंजस दाखवून बर्ड यांनी सरसकट सरकारी यंत्रणेला खलनायक ठरवण्याचे टाळले आहे. दुसरा आक्षेप स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या १९८२ सालच्या ‘ई.टी.’शी असलेल्या साम्याचा. एकाकी मुलगा, वडिलांविना घर, लपवून ठेवलेला परका मित्र आणि मागावर असलेले सरकार, ही चौकट खरोखरच सारखी आहे. भेद असा, की ई.टी. निरुपद्रवी आहे, आयर्न जायंट तसा नाही.

तिसरा आक्षेप ह्यूज यांच्या वाचकांचा. मूळ पुस्तकात लोहमानव अवकाशातून आलेल्या प्रचंड जीवाशी सहनशक्तीची पैज लावतो आणि अखेर जगात शांतता नांदते. ही पुराणकथेसारखी झेप चित्रपटात नाही, शीतयुद्धाचा राजकीय तपशील तिच्या जागी आला आहे, अशी त्यांची खंत आहे. पुस्तक आणि चित्रपट या दोन स्वतंत्र कलाकृती मानल्या, तर हा वाद सौम्य होतो. दोहोंचा कल मात्र एकच आहे : बळाचा शेवट संहारात होऊ नये.

चाहत्यांची राखण

या कलावर प्रेक्षकांचा किती जीव आहे, हे २०१८ साली दिसले. स्पिलबर्ग यांच्या ‘रेडी प्लेयर वन’मध्ये आयर्न जायंटला युद्धप्रसंगी लढताना दाखवण्यात आले. ज्या पात्राने शस्त्र होण्यास नकार दिला, त्यालाच लढाईत उतरवणे म्हणजे त्याचा अर्थ विसरणे होय, अशी नाराजी अनेक चाहत्यांनी व्यक्त केली. चित्रपटात त्या आकृतीचा ताबा एका खेळाडूकडे असतो, तो मूळ महाकाय नव्हेच, असा बचावही झाला. पडलेल्या चित्रपटातील पात्राच्या शीलासाठी एकोणीस वर्षांनी लोक वाद घालतात, ही गोष्ट कोणत्याही गल्ल्यापेक्षा बोलकी आहे.

मैत्रीपूर्ण यंत्रमानवांची परंपरा त्यानंतरही चालू राहिली. २००८ सालचा ‘वॉल-ई’ कचरा गोळा करतो, २०१४ सालच्या ‘बिग हिरो ६’मधील बेमॅक्स रुग्णसेवा करतो, २०२४ सालच्या ‘द वाइल्ड रोबोट’मधील रॉझ मदतनीस म्हणून घडवलेली आहे. ही सर्व यंत्रे मुळात सेवेसाठी बनलेली आहेत. आयर्न जायंटची जडणघडणच संहारासाठी झालेली आहे. त्याचा चांगुलपणा कारखान्यातून आलेला नाही, तो त्याने निवडलेला आहे. प्रेक्षकांच्या मनात त्याला मिळालेले वेगळे स्थान या निवडीमुळे आहे.

चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे. सात-आठ वर्षांपुढील मुलांनी तो पालकांसमवेत पाहावा, हे उत्तम. होगार्थला इलाय मेरियंथल, त्याच्या आईला जेनिफर अ‍ॅनिस्टन आणि डीनला हॅरी कॉनिक (ज्युनियर) यांनी आवाज दिला असून संगीत मायकेल केमन यांचे आहे. प्रथमच पाहणाऱ्यांनी १९९९ ची मूळ आवृत्ती आधी पाहावी. २०१५ च्या आवृत्तीत महाकायाच्या पूर्वायुष्याची झलक दाखवणारे एक स्वप्न जोडले आहे. काहींना त्यामुळे कथा अधिक भरीव वाटते, तर काहींना ते गूढ न उकललेलेच बरे वाटते. दोन्ही पाहून आपले मत बनवण्यास प्रेक्षक मोकळे आहेत.