ताब्यातल्या माणसाचा हिशेब

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो असा : जगातील राज्यकारभार, कायद्याची अंमलबजावणी आणि त्यातील न बुजलेली भगदाडे. विषय जगाएवढा मोठा आणि माझे शाळेतले शिक्षण सातवीपुरते. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या टेबलाशी झाले. तेव्हा जगाला एकदम हात न घालता मी आपल्या गावापासून सुरुवात करतो. भगदाडही एकच निवडतो. सरकारच्या ताब्यात असलेल्या माणसाचे बरेवाईट झाले, तर त्याचा हिशेब कोणी द्यायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्या मागे १८७१ साली जे दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज. गादीवर आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. कारभार अर्थातच इंग्रजांच्या देखरेखीखाली होता आणि पुढे कारभारी म्हणून रावबहादूर माधवराव बर्वे आले. महाराज वयात येऊ लागले तशी त्यांना वेड लागल्याची बातमी पसरली. वेड खरे, की वेडाचे निमित्त करून पोराचा छळ चालला आहे, अशी कुजबूज गावात सुरू झाली. महाराज कोणाला भेटणार, काय खाणार, त्यांना कोणता वैद्य पाहणार, हे सारे पहारेकऱ्यांच्या हाती होते. बाहेरच्या माणसाला आत पाहण्याची सोय नव्हती.

त्या वेळी 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे नुकतीच, १८८१ साली, निघाली होती. त्यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि बर्वे यांच्यावर कडक टीका केली. टीकेला आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. या दोघांशी मतभेद असणाऱ्या जोतीराव फुल्यांनीही त्यांच्या जामिनासाठी खटपट केली, हे कोल्हापूरकरांनी विसरू नये. सत्तेला जाब विचारणे हा एका पक्षाचा किंवा एका जातीचा उद्योग नाही, हे त्या काळीही जाणत्यांना कळत होते.

येथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. टिळकांच्या चरित्रात ती येते आणि तुरुंगाच्या दारापाशी संपते. परंतु ज्या मुलासाठी हा खटाटोप झाला त्याचे पुढे काय झाले? महाराजांना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, किल्ल्यात नेऊन ठेवले. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे वीस. पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत हे घडले. या मृत्यूबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही. पुढच्या वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, कागलच्या घाटगे घराण्यातून नवे दत्तक आले. तेच आपले राजर्षी शाहू महाराज.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. छळ होतो आहे असे म्हणणाऱ्यांवर रीतसर खटला चालला, साक्षीपुरावे झाले, शिक्षा झाली. ज्यांच्या ताब्यात महाराज होते त्यांना मात्र, ताब्यातला माणूस मेल्यावरही, कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. न्यायालयाने पत्रे खरी की खोटी हे तपासले. पत्रे खोटी होती, म्हणून निकाल कायद्याला धरूनच झाला. परंतु पत्रे खोटी म्हणून महाराज सुखात होते असे सिद्ध होत नाही. हा खून होता असे मी येथे म्हणत नाही, तसे म्हणण्यास माझ्याजवळ पुरावा नाही. आणि पुरावा का नाही, हाच आजचा मुद्दा आहे. खोली, पहारा, वैद्य, दप्तर आणि शेवटी प्रेतसुद्धा एकाच पक्षाच्या हाती होते. खरा पुरावा कुलपात असला म्हणजे बाहेरच्या माणसाला कुजबुजीवर आणि कोणी आणून दिलेल्या कागदावर विसंबावे लागते. मग तो फसतो, आणि त्याची फसगत हाच कुलूप लावणाऱ्याचा बचाव होतो.

हे सूत्र मला पुस्तकात सापडले नाही. ते मला एका फौंड्रीच्या फाटकाशी सापडले. मी युनियनच्या कामात नवा होतो तेव्हा एका कारखान्यात भट्टीजवळ भाजून एक कामगार मेला. आम्ही भरपाई मागायला गेलो तर कारकुनाने हजेरीपट पुढे केला. त्यात त्या माणसाचे नावच नव्हते! तो आमच्याकडे कामालाच नव्हता, कोणाला तरी भेटायला आत आला असेल, असे उत्तर मिळाले. भट्टी त्यांची, फाटक त्यांचे, हजेरीपटही त्यांचाच. अखेर फाटकासमोरच्या चहावाल्याची उधारीची वही आमच्या कामी आली. त्या वहीत या माणसाच्या नावावर रोज दोन चहा मांडलेले होते, सकाळचा एक आणि दुपारचा एक. त्या वहीवर आणि दोघा सोबत्यांच्या साक्षीवर त्याच्या बायकोला पुढे काही वर्षांनी पैसे मिळाले.

परंतु त्या वहीला किंमत आली ती एका जुन्या कायद्यामुळे. १९२३ साली आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यापूर्वी मालकाची चूक होती हे कामगाराने सिद्ध करायचे, असा दंडक होता. मेलेल्या माणसाच्या विधवेने यंत्राचा दोष दाखवावा, असाच त्याचा अर्थ! नव्या कायद्याने तो उलटा केला. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे दाखवा, चूक कोणाची हे दाखवू नका, भरपाई मालकाने द्यायची. हे तत्त्व पुढच्या कायद्यांतही टिकले. यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने जबाबदारी घ्यावी, हे आपण कारखान्यापुरते शंभर वर्षांपूर्वी मान्य केले. पोलीस कोठडीपुरते मात्र अजून पुरते मान्य केलेले नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. १९८५ साली उत्तर प्रदेशातील एका कोठडीतील मृत्यूच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितले की, अशा प्रकरणी पुराव्याच्या ओझ्याचा कायदा बदलण्याचा सरकारने विचार करावा, कारण कोठडीत काय घडले हे पोलिसांवाचून दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या ११३व्या अहवालात उपाय सुचवला. पुरावा कायद्यात '११४ ब' हे कलम घालावे आणि कोठडीत असताना माणसाला इजा झाली तर ती ताबा असलेल्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालयास गृहीत धरता यावे. अधिकाऱ्याने ते खोडून काढावे, त्याला मुभा आहे. २०१७ साली आयोगाने २७३व्या अहवालात हीच शिफारस पुन्हा केली. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा अमलात आला, त्यातही हे कलम आले नाही. चाळीस वर्षे एक कलम दाराशी उभे आहे.

बाकी नियम पुष्कळ झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले : अटकेचा पंचनामा करा, नातेवाइकाला कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. पुढे कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी असे कायद्यात आले. २००६ साली पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश झाला. २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला, आणि २०२५ साली ते कॅमेरे चालत नाहीत म्हणून न्यायालयाला आपण होऊन पुन्हा लक्ष घालावे लागले. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, परंतु तो करार अद्याप संमत करून स्वतःवर बंधनकारक केलेला नाही. नियम आहेत, पण ते पाळले नाहीत तर कोणाचे काय बिघडते, याचे उत्तर त्यात नाही.

आपल्या शेजारी सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये काय झाले ते आठवा. चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. पुढे त्याचे जाळलेले प्रेत आंबोलीच्या घाटात सापडले आणि पोलीस अधिकारी व शिपायांवरच खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. येथे मला पुन्हा तो हजेरीपट आठवतो. 'पळून गेला' हे दोन शब्द लिहिणारा हात आणि माणूस ताब्यात ठेवणारा हात एकच होता.

हे फक्त आपल्याकडेच होते असे कोणी समजू नये. दक्षिण आफ्रिकेत २७ ऑक्टोबर १९७१ रोजी अहमद तिमोल हा भारतीय वंशाचा तरुण शिक्षक जोहान्सबर्गच्या पोलीस इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडून मेला. पुढच्या वर्षी चौकशी झाली, निष्कर्ष आत्महत्येचा निघाला. घरच्यांनी मात्र प्रश्न सोडला नाही. २०१७ साली फेरचौकशी झाली आणि न्यायाधीशांनी सांगितले की, त्याला ढकलण्यात आले, हा खून आहे. सेहेचाळीस वर्षे लागली. ज्या माजी पोलिसावर खटला भरला तो खटला उभा राहण्यापूर्वीच २०२१ साली वारला. सत्य मिळाले, न्याय हुकला. तरीही तेथे एका देशाने स्वतःचे जुने दप्तर उघडण्याची छाती दाखवली, हे मान्य केले पाहिजे.

कोणी म्हणेल, असे कलम आले तर पोलिसांचे मनोधैर्य खचेल. हाच आक्षेप कामगारांच्या कायद्याच्या वेळी मालकांच्या बाजूने ऐकू येत असे. अनुभव असा की, ज्याचा हजेरीपट नीट आहे त्या मालकाला त्या कायद्याची भीती नाही. ज्या ठाण्यात कॅमेरा चालू आहे, वैद्याची नोंद वेळेवर आहे आणि नातेवाइकाला निरोप गेला आहे, त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला ही नोंदच वाचवील. खोट्या आरोपातून सोडवणारा पुरावा त्याच्याच हाती राहील. दिवसरात्र उभे राहून नोकरी करणारा साधा शिपाई हाही माझ्या लेखी कामगारच आहे. वरच्याचा हुकूम आणि खालच्याची मान, यांतून त्यालाही सोडवायचे आहे.

म्हणून माझे मागणे लहान आहे. आपल्या आमदार-खासदारांना एकच प्रश्न विचारा : '११४ ब' कधी आणणार? आणि आपल्या भागातील ठाण्याचे कॅमेरे चालू आहेत काय, हे माहितीच्या अधिकारात एक अर्ज करून विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर आले की ते जपून ठेवा. चहावाल्यानेही आपली वही कोणा मेलेल्या माणसासाठी ठेवली नव्हती. तो रोजचे रोज लिहीत होता, एवढेच.

चौथ्या शिवाजी महाराजांच्या बाजूला अशी एकही वही नव्हती. ते राजे होते, तरी नव्हती. मग रस्त्यावरून उचललेल्या गरिबाची काय कथा?