लाल टोपी, मस्करी आणि दोन डॉलरची वर्गणी

अमेरिकेतल्या एखाद्या गावची ४ जुलैची मिरवणूक यूट्यूबवर बघा. शाळेचा बँड जातो, अग्निशमन दलाची गाडी जाते आणि मग अचानक साठीतले ढेरपोटे काका येतात. खेळण्याएवढ्या गाड्यांत गुडघे दुमडून बसलेले, डोक्यावर काळ्या गोंड्याची लाल तुर्की टोपी. रस्त्यात आठाचे आकडे काढतात, एकमेकांवर आदळता आदळता वाचतात आणि पोरांना हसवून पुढे जातात. हे श्रायनर्स. त्यांची दीडशे वर्षांची गोष्ट जेवणाच्या टेबलावर सुरू होते आणि लहान मुलांच्या इस्पितळात पोचते.

श्रायनर व्हायचं तर आधी फ्रीमेसन असावं लागतं. फ्रीमेसन म्हणजे दगडकाम करणाऱ्या गवंड्यांच्या जुन्या संघांची हत्यारं, चिन्हं आणि शिस्त उचलून उभा राहिलेला पुरुषांचा बंधुसंघ. १७१७ मध्ये लंडनमध्ये त्यांची पहिली ग्रँड लॉज झाली आणि पुढे इंग्रज जिथे गेले तिथे लॉजही गेल्या. मुंबईत फोर्टातही त्यांचा हॉल आहे. लॉजमधलं वातावरण भारदस्त. शपथा, पायऱ्या, पाठ केलेले संवाद आणि गंभीर चेहरे.

१८७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवर 'निकरबॉकर कॉटेज' नावाच्या रेस्टॉरंटात काही मेसन मंडळी दुपारी जेवायला जमत. लॉज बंद झाल्यावरही गप्पा मारायला, हसायला, खायला-प्यायला एखादी जागा हवी, असं त्यांच्या बोलण्यात येऊ लागलं. त्यांत वॉल्टर फ्लेमिंग हे डॉक्टर होते आणि बिली फ्लॉरेन्स हा रंगभूमीवरचा नामवंत नट. संघाच्या परंपरेनुसार फ्लॉरेन्स दौऱ्यावर असताना मार्सेयला एका अरब मुत्सद्द्याच्या मेजवानीला गेला. तिथे संगीतनाटक झालं आणि शेवटी सगळ्या पाहुण्यांना गंमतीत एका गुप्त मंडळाचं सभासद करून घेतलं गेलं. फ्लॉरेन्स ती कल्पना घेऊन परतला आणि फ्लेमिंगनं तिला विधी, पोशाख आणि नियमावली दिली. पहिलं 'मंदिर' २६ सप्टेंबर १८७२ रोजी स्थापन झालं. नाव ठेवलं मक्का.

नावातच मस्करी होती. 'एन्शंट अरेबिक ऑर्डर ऑफ द नोबल्स ऑफ द मिस्टिक श्राइन'. ना ते प्राचीन होतं, ना अरबी. त्याची इंग्रजी आद्याक्षरं ए, ए, ओ, एन, एम, एस पुढेमागे केली की 'ए मेसन' असे शब्द तयार होतात. न्यूयॉर्कचे दुकानदार आणि वकील एकमेकांना सलाम करू लागले. गंमत अशी, की १९२५ मध्ये खुद्द तुर्कस्तानात कायद्यानं ही टोपी बंद झाली, तेव्हा अमेरिकेत ती जोरात होती.

या मस्करीत दुसऱ्याचा धर्म आणि वेश वापरला होता, हे विसरता येत नाही. ज्यांच्या पवित्र शहराचं नाव क्लबला दिलं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट दाराची. गोऱ्या मेसनांच्या लॉजमध्ये काळ्यांना जागा नव्हती, म्हणून श्रायनमध्येही नव्हती. हे आपल्याकडेही घडलं होतं. मुंबईतल्या लॉजनी माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला आत घेतलं नाही. अखेर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं भारतीयांना आत घेणारी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली. अमेरिकेत काळ्या मेसनांनी १८९३ मध्ये शिकागोत स्वतःची श्रायन काढली, त्याच लाल टोपीची. गोऱ्यांना हे खुपलं. टेक्सासमध्ये त्यांनी दावा लावला, की आमचं नाव आणि चिन्हं यांनी वापरू नयेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२९ मध्ये काळे श्रायनर्स जिंकले. इतकी वर्षं तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात, मग आता तक्रार कसली, हा निकालाचा गाभा होता. अरबांकडून न विचारता उचललेल्या टोपीवर मालकी सांगायला ही मंडळी कोर्टात गेली होती!

याच माणसांनी इस्पितळं कशी उभारली?

१९२० मध्ये पोर्टलंड शहरात त्यांचं वार्षिक अधिवेशन भरलं. प्रमुख होते फिलाडेल्फियाचे फ्रीलंड केंड्रिक. पोलिओ आणि हाडांच्या व्यंगांमुळे अडलेल्या गरीब मुलांसाठी फुकट इस्पितळ काढावं आणि त्यासाठी प्रत्येक सभासदानं वर्षाला दोन डॉलर वर्गणी द्यावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. सभागृहात कुरबुर सुरू झाली. तेव्हा अटलांटाचे फॉरेस्ट अडेअर उठले. त्यांनी सांगितलं, की पहाटे चारला रस्त्यावरच्या वाजंत्र्यानं आपली झोप मोडली. आपल्यातलाच एक गडी एकटाच भटकत साबणाच्या फुग्यांचं लोकप्रिय गाणं वाजवत होता. त्यावरून मनात आलं, की आपणही इतकी वर्षं फुगेच उडवतोय. आता पोरांसाठी काही करू या. ठराव एकमतानं मंजूर झाला.

पहिलं इस्पितळ १९२२ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला निघालं. पुढे साखळीच झाली. पोलिओची लस आल्यावर त्यांनी भाजलेल्या मुलांकडे लक्ष वळवलं आणि १९६६ मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला त्यासाठी खास इस्पितळ काढलं. बॉस्टनच्या त्यांच्या इस्पितळातले डॉ. जॉन बर्क यांनी एमआयटीचे योआनिस यानास यांच्याबरोबर भाजलेल्या अंगावर लावायची कृत्रिम त्वचा तयार केली. कित्येक दशकं आईवडलांकडून एक पैसाही घेतला जात नव्हता. आता विमा असेल तर त्याचे पैसे घेतात, पण पैसे नाहीत म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही, हा नियम कायम आहे.

१९४९ मध्ये संघटनेचा प्रमुख झाला हॅरॉल्ड लॉइड, इमारतीच्या घड्याळाला लोंबकळणारा तो मूकपटांचा विनोदवीर. १९१९ मध्ये सिनेमाच्या कामात हातात बॉम्ब फुटून त्याचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. लोकांना हसवणारा, स्वतःचा हात अधू असलेला माणूस आता अपंग मुलांच्या इस्पितळांच्या संघटनेचा प्रमुख होता.

मला वाटतं, मस्करी आणि इस्पितळ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. निव्वळ दानधर्मासाठी इतकी माणसं वर्षानुवर्षं टिकली नसती. ती गाड्या फिरवायला, ढोल बडवायला, दोस्तांबरोबर जेवायला यायची आणि जाताना वर्गणी देऊन जायची. गणपतीच्या मंडळानं रक्तदान शिबिर भरवावं, तसंच हे, फक्त प्रचंड मोठ्या प्रमाणावर.

म्हणूनच पुढचा प्रश्न अवघड आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सभासद नऊ लाखांवर होते. आज त्याच्या एक तृतीयांशही नाहीत. २००९ मध्ये शेअर बाजार कोसळून निधी आटला, तेव्हा २२ पैकी ६ इस्पितळं बंद करायचा प्रस्ताव आला. त्यात पहिलं, श्रीव्हपोर्टचंही होतं. जुलैमध्ये सॅन अँटोनियोला सभासदांचे प्रतिनिधी मतदानाला बसले आणि त्यांनी प्रस्ताव फेटाळला. पैसे कुठून आणायचे ते नंतर बघू, असं ठरलं.

श्रीव्हपोर्टचं इस्पितळ चालू राहिलं.