घटोत्कच लेण्याची वाट

हिंगोलीकडील उपासकांच्या सहली अजिंठ्यापर्यंत जातात आणि तेथूनच परततात. सिल्लोड तालुक्यातील जंजाळा गावाजवळचे घटोत्कच लेणे बहुतेकांना ठाऊकच नसते. एका वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही काही अभ्यासक तेथे गेलो. गावापुढील पठार संपले की वाट दरीच्या कडेने खाली उतरते. शेवाळलेल्या दगडांवर पाय जपून टाकावा लागतो. लेण्याची चाहूल अगदी जवळ जाईपर्यंत लागत नाही. महावग्गात बिम्बिसार राजा भगवंतांसाठी निवासस्थान शोधताना गावापासून फार दूर नसलेली आणि फार जवळही नसलेली जागा निवडतो. त्याचा अर्थ येथे पाय दुखू लागल्यावर कळतो.

आत वीस स्तंभांचा मंडप आणि गर्भगृहात धम्मचक्कपवत्तन मुद्रेतील बुद्धमूर्ती आहे. इतका मोठा विहार माणसांनी कोरला हे विसरले गेले आणि भीमाच्या पुत्राचे नाव त्याला चिकटले. वास्तविक व्हरांड्यातील संस्कृत शिलालेख वेगळेच सांगतो. तो फार झिजला आहे. तरीही त्यात वल्लूर येथील एका ब्राह्मण कुळाची वंशावळ आणि वाकाटक राजा देवसेन याचा अमात्य हस्तिभोज याचे नाव वाचता येते. या हस्तिभोजाचा पुत्र वराहदेव हा देवसेनपुत्र हरिषेणाचा अमात्य होता. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे त्यानेच भिक्खुसंघाला दान दिले, असे तेथील लेखात स्पष्ट आहे. दोन्ही लेख एकत्र वाचूनच अभ्यासकांनी जंजाळ्याचे दानही वराहदेवाचे मानले. हा निष्कर्ष मला ग्राह्य वाटतो.

या राजांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. हिंगोलीला अगदी लागून. याच शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा, राज्यवर्ष ३७ चा, वाशीम ताम्रपट १९३९ साली सापडला. त्यात नांदीकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गावरील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. नांदेडहून वाशीमकडे जाताना मध्ये हिंगोलीचाच प्रदेश लागतो. तेव्हा ज्या राज्यात आपल्याकडील गाव ब्राह्मणांना ताम्रपटाने मिळाले, त्याच राज्याच्या एका ब्राह्मणकुलीन अमात्याने सह्याद्रीच्या कड्यात संघासाठी विहार कोरविला. वाकाटक म्हणजे केवळ वैदिक यज्ञ करणारे राजे, असे शिकविणाऱ्यांनी ही दोन्ही दाने शेजारी ठेवून पाहावीत.

अजिंठ्याच्या सहलीला एक दिवस जोडला तर जंजाळा सहज होते. मात्र पाणी सोबत घ्यावे, आणि लेखाच्या अक्षरांना हात लावू नये.