सदर ते कोराडी : ऊर्जेच्या अभ्यासाची वाट



सदरहून छिंदवाडा रोडने उत्तरेकडे निघालात की मानकापूर ओलांडल्यावर कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसू लागतात. सदरला लागूनच, सिव्हिल लाइन्समध्ये, सायन्स कॉलेज आहे. या दोन ठिकाणांचे नाते सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सन 1906 मध्ये येथे व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स निघाले; तेच आपले सायन्स कॉलेज. नागपूर विद्यापीठ झाले 1923 साली. तोवर येथील मुलांना पदवी मिळे ती अलाहाबाद विद्यापीठाची! कोराडीचा पहिला संच सुरू झाला 1974 साली. म्हणजे फिजिक्सचा वर्ग आधी, धुराडे 68 वर्षांनंतर.

उष्णतेपासून काम किती मिळू शकते, हा प्रश्न फ्रान्समधील सादी कार्नो या तरुणाने 1824 साली मांडला. त्याचे उत्तर बी.एस्सी.चा विद्यार्थी वहीच्या एका पानावर काढतो. वाफ 540 अंश सेल्सिअस आणि थंड बाजू 40 अंश धरली, तर 100 भाग उष्णतेपैकी फार तर 61 भागांचे काम होईल. प्रत्यक्षात आजच्या मोठ्या संचांतही 40 च्या आसपासच हाती लागते. बाकीची उष्णता पाण्यात आणि धुरात जाते. यंत्र कितीही चांगले बनवा, ती 61 ची मर्यादा ओलांडता येत नाही.

हे ज्ञान आपल्याला परके आहे असे मानू नका. औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाहिली असेल. दुरून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून चाकावर पडे, जाते फिरे आणि मुरीद-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. पाण्याची उंची आणि त्यातून मिळणारे काम यांचा हिशेब म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचा पाठ. उर्दू शाळेत ज्याला ‘तवानाई’ म्हणतात, तीच ही ऊर्जा. शब्द बदलला म्हणून घाबरणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो. खरी अडचण गणिताची असते. ते नववीपासूनच पक्के करावे लागते.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न : “इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, मग बी.एस्सी. करून काय उपयोग?” हा प्रश्न विचारण्याची पद्धतच मला खटकते. मुलीच्या बाबतीत तर तो विचारलाही जात नाही, परस्पर निर्णय होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय 1957 साली सुरू झाले. तेथे इंजिनिअरांच्या बरोबरीने फिजिक्सचे एम.एस्सी. घेतले जातात, एकाच शास्त्रीय अधिकारीपदासाठी. त्या एम.एस्सी.ची पहिली पायरी म्हणजे हीच तीन वर्षांची बी.एस्सी., आणि ती सदरहून सायकलच्या अंतरावर आहे.