पांडुरंगाने पांघरलेली वाकळ



कार्तिक शुद्ध एकादशीला खोपोलीजवळ ताकईच्या विठोबाची जत्रा भरते. तिकडचे दर्शन झाले की आपल्या कर्जत-खालापूर भागातल्या वारकऱ्यांना वेध लागतात आळंदीचे. वद्य पक्षात माउलींच्या समाधी सोहळ्यासाठी निघालेल्या पायी दिंड्या बोरघाट चढतात आणि लोणावळ्याच्या माथ्यावर खरी थंडी भेटते. त्या रात्री मुक्कामावर वळकट्या सुटू लागल्या की जरा पाहा. बहुतेकांच्या वळकटीतून बाजारचे मऊ, चकचकीत ब्लँकेट निघते. एखाद्याच म्हाताऱ्या माउलीच्या वळकटीतून गोधडी निघते, आणि ती उलगडताच जुन्या सुती कपड्यांचा ओळखीचा वास येतो.

ब्लँकेटला मी नावे ठेवीत नाही. ते हलके असते, लवकर वाळते. पण आज तुमच्याशी बोलायचे आहे ते त्या एका गोधडीविषयी. आपल्या संप्रदायाच्या आठवणीत तिला फार मोठी जागा आहे, आणि ती जागा आपण विसरत चाललो आहोत.

कोणी तिला गोधडी म्हणतो, घाटावर पुष्कळ ठिकाणी वाकळ म्हणतात, आणि जोगी-बैराग्याच्या खांद्यावर गेली की तिचीच कंथा होते. कंथा हा शब्द संस्कृतातला. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून जे पांघरूण करतात त्याचेही नाव कांथा असेच आहे. वस्तू एकच: वापरून झालेले कापड, त्याचे थर, आणि त्यांना एकत्र धरणारा साधा धावदोरा.

आता जनाबाईकडे येऊ. गोदाकाठच्या गंगाखेडची ही पोर लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवरायांच्या त्या घरात दळण-कांडण करीत राहिली. तिच्याविषयी परंपरेत जी कथा सांगतात ती तुम्ही कीर्तनात अनेकदा ऐकली असेल. एका रात्री पांडुरंग जनीच्या घरी आले. तिच्याबरोबर बोलता बोलता तिथेच निजले. पहाट झाली, काकड आरतीची वेळ झाली. देव घाईघाईने उठले आणि राउळात गेले. घाईत आपला शेला आणि गळ्यातले पदक जनीकडेच राहिले, आणि अंगावर आली ती जनीची वाकळ. पुजाऱ्यांनी दार उघडले तर देवाच्या अंगावर वाकळ, आणि पदक नाही! वाकळ जनीची, हे त्यांनी लगेच ओळखले. मग जनीवर चोरीचा आळ आला आणि तिला सुळावर देण्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात नेले. तिने देवाचा धावा केला आणि सुळाचे पाणी झाले.

माउली, या कथेत चमत्कारापाशी आपले हात जोडले जातात. पण मला थांबवते ती त्याच्या अलीकडची जागा. पुजाऱ्यांनी देवाच्या अंगावर वाकळ पाहिली. पुरावा डोळ्यांसमोर होता. त्यातून दोन अर्थ निघत होते: देव या बाईच्या घरी जातो, किंवा ही बाई चोर आहे. पहिला अर्थ त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. चिंध्यांच्या पांघरुणात निजणारी बाई देवाची सखी असेल हे कोणाला कसे सुचावे? कथा सांगणाऱ्यांनी मात्र शेला आणि वाकळ शेजारी शेजारी ठेवून आपला कौल देऊन टाकला आहे. देवाने वाकळ नेली.

ही वाकळ एका शिंप्याच्या घरची होती, हेही ध्यानात घ्या. नामदेवरायांचा जन्म १२७० चा, ज्ञातीने ते शिंपी. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतल्या एका पदात शिंप्याचा गज, कातर, सुई, दोरा ही सारी अवजारे त्यांनी नामस्मरणाच्या कामाला लावली आहेत. सावता महाराजांना मळा, गोरोबांना चिखल, तशी नामदेवरायांना सुई. अशा घरात कातरणांना तोटा नसणार. जनीची वाकळ त्याच कातरणांची असावी असे माझे मन म्हणते. त्याला पुरावा नाही, पण विचार गोड आहे.

पुढे अगदी अलीकडच्या काळात याच वस्त्राने आणखी एका संताला नाव दिले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले डेबूजी म्हणजे आपले गाडगेबाबा. हातात फुटके गाडगे म्हणून गाडगेबाबा, तसेच अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवाही म्हणत. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या माणसाने स्वतःच्या अंगावर शेवटपर्यंत ठिगळेच ठेवली.

पण संतांची गोधडी आठवताना घरची गोधडी विसरून चालणार नाही. ती शिवली कोणी? तुमच्या-माझ्या आज्यांनी. का शिवली? कापड महाग होते म्हणून. मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. त्याआधी गावात विणले जाणारे कापड हातमागावरचेच असे. गिरण्या वाढल्यावरही गरिबाच्या घरी लुगडे जपूनच वापरले जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची इतकी टंचाई झाली की १९४३ मध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावे लागले. अशा दिवसांत फाटलेले लुगडे टाकून देणे कोणाला परवडणार? ते आधी घरात नेसायचे, मग त्याचे पोराचे दुपटे व्हायचे, आणि शेवटी गोधडीचा एक थर. दुपारची भांडी उरकली, पाण्याच्या दोन खेपा झाल्या, की उरल्या वेळात अंगणात गोधडी अंथरली जाई. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, दोघी-तिघींनी कडेने बसायचे आणि कडेकडून आत शिवत यायचे. उरलेले कापड आणि उरलेला वेळ यांतून दुसऱ्या कोणाची तरी ऊब तयार व्हायची. तिच्यावर शिवणारणीचे नाव कधी पडले नाही.

आता आमच्या रसायनीविषयी सांगतो. मोहोपाडा, वासांबे, रिस, चांभार्ली ही इथली गावे जुनी. रसायनी हे नाव मात्र कारखान्यांच्या मागून आले. खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटावरच्या तलावांचे पाणी तिथे वीज देऊन पाताळगंगेत उतरू लागले आणि नदीला बारमाही ओढ आली. त्या पाण्याच्या काठी, १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढली. कामाला माणसे आली ती कोकणातून आणि घाटावरून. पत्र्याच्या ट्रंकेबरोबर एकेक वळकटी आली, आणि बहुतेक वळकट्यांत आईने शिवलेली गोधडी होती. सुटीच्या दिवशी वसाहतीच्या गॅलऱ्यांत त्या उन्हाला टाकलेल्या असत. काठ पाहून सांगता येई की हे घर सोलापूरकडचे की अलिबागकडचे. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या सरकारी कारखान्यातले न परवडणारे विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. रॉकेटला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा इस्रोकडे द्यायचे ठरले. पुष्कळांना वेळेआधी घरी बसावे लागले.

मी दुसऱ्या एका कारखान्यात फिटर होतो. वयाने निवृत्त झालो. आपल्या संप्रदायात निवृत्ती हे केवढे नाव! ज्ञानोबांचे थोरले बंधू आणि गुरू. मला मात्र निवृत्तीचा पहिला महिना सकाळी सातच्या भोंग्याची वाट पाहण्यातच गेला. हात रिकामे, आणि रिकाम्या हातांना चैन पडेना. एके दिवशी माळ्यावरचे बोचके काढले. त्यात आईची दोन लुगडी होती, सौभाग्यवतीच्या विटलेल्या साड्या होत्या आणि माझे निळे कामाचे कपडे होते. आईने शिवलेली गोधडी मात्र नव्हती. ती मीच, नवे ब्लँकेट घरात आले तेव्हा, जुनी झाली म्हणून गाडी पुसायला फाडली होती. तेव्हा काही वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले.

शेजारी सातारकडच्या एक मावशी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना म्हटले, "मावशी, मला गोधडी शिकवा." त्या हसल्या. "बापयाचं काम हाय व्हय ते? बरं, बस खाली." मग त्यांनी जे शिकवले ते तुम्हालाही सांगतो.

कापड सुती घ्या आणि जुनेच घ्या. नवे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि गोधडी गोळा होते. जुने जेवढे आटायचे तेवढे आटून झालेले असते. नायलॉन, टेरिकॉट नको. ते घाम पीत नाही आणि थरांत घसरते. नऊवारी लुगडे साधारण आठ मीटर लांब. त्याचे चार भाग केले की दोन मीटरचे चार थर होतात, म्हणजे एका लुगड्यात एका माणसाचे पांघरूण. मधल्या थरांत फाटके तुकडे चालतात, पण सपाट बसले पाहिजेत. कामाच्या कपड्यांचे जाड कापड मधोमध घालू नका, सुई तुटते. त्याचे तुकडे वर ठिगळासारखे लावा. बोटात अंगुस्तान घाला. पावसाळ्यासाठी मात्र गोधडीचा भरवसा धरू नका. ती पाणी पिऊन दगडासारखी जड होते. आषाढीला घोंगडी आणि कार्तिकीला गोधडी हा आपल्या वाडवडिलांचा हिशेब पक्का होता.

फिटरच्या सवयीने मीही एक हिशेब केला. दोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडी कमी रुंद अशी गोधडी. ओळीपासून ओळ दोन सेंटिमीटरवर धरली तर सुमारे साठ ओळी होतात, म्हणजे एकशे वीस मीटर शिलाई. सेंटिमीटरला एक टाका धरला तर बारा हजार टाके. एका टाक्याला एक नाम घेतले तर एका गोधडीत एकशे आठ मण्यांच्या एकशे अकरा माळा होतात! मावशींना हे सांगितले तर म्हणाल्या, "आमी कुठं मोजलं? ओव्या म्हणत शिवायचो."

त्या एका वाक्याने माझा हिशेब जागच्या जागी बसला. आपल्याला इथेच सावध राहायचे आहे. माझ्यासाठी हा निवृत्तीनंतरचा छंद आहे. मावशींसाठी ती गरज होती, आणि लेकरे थंडीत कुडकुडू नयेत ही काळजी होती. छंद म्हणून शिवताना आपण त्यांच्या कष्टाची नुसती नक्कल करतो आहोत का, हा प्रश्न मला अनेक दिवस टोचत राहिला.

उत्तराची एक वाट दूरच्या देशातून मिळाली. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायका शेतात वापरून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या भिंतीवर मांडल्या गेल्या आणि जग थक्क झाले. त्यांत मिसूरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये शिवलेली एक गोधडी आहे, नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची. तो वारला, तेव्हा त्याच्या विजारी-सदऱ्यांचे तुकडे जोडून तिने पांघरूण केले. आज लोक ती कलाकृती म्हणून पाहतात. तिने ती निजायला शिवली होती, गेलेल्या माणसाच्या मायेत गुरफटून घ्यायला.

म्हणून मी एक नेम केला आहे. शिवलेली गोधडी कपाटात ठेवायची नाही आणि भिंतीवरही लावायची नाही. ती कोणाच्या तरी अंगावर जावी. पहिली गोधडी आईच्या लुगड्याची. वर मधोमध माझ्या निळ्या कपड्याचा एक चौकोन आहे. गेल्या कार्तिकीला ती दिंडीबरोबर घाट चढली. लोणावळ्याच्या मुक्कामी एका माउलीकडे पांघरूण अपुरे होते, तिला ती दिली. तिने नाव विचारले नाही, मीही सांगितले नाही. आईची जी गोधडी मी फाडली ती काही परत येत नाही. पण त्या रात्री आईचे लुगडे पुन्हा कोणाच्या तरी अंगावर होते.

माउली, तुमच्याही घरी माळ्यावर असे एखादे बोचके असेल. सेवेतून मोकळे झाला असाल तर ते खाली उतरवा. घरात किंवा शेजारी एखादी मावशी, एखादी आजी अजून असेल. ती आहे तोवर तिच्यापाशी बसा, कारण ही विद्या पुस्तकापेक्षा त्या हातांत जास्त आहे. टाक्याटाक्याला नाम घ्या. आणि गोधडी पुरी झाली की देऊन टाका. घेणारा कोण आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असते? जनीलाही पहाटेपर्यंत ठाऊक नव्हते की आपली वाकळ कोण पांघरून गेला.

रामकृष्णहरी.